कर्ता कोण, कर्म कोण? चेंडू, रिक्षा आणि पतंगावरची बलं

तुझा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तू बडोद्यात अकरावी सायन्सला आहेस. न्यूटनचे तिन्ही नियम तोंडपाठ आहेत, पण फ्री बॉडी डायग्राम (एका वस्तूवरची सगळी बलं बाणांनी दाखवणारी आकृती) काढायला सांगितलं की बाण कुठे आणि किती काढायचे तेच कळत नाही. ‘वर फेकलेल्या चेंडूवर वर जाताना कोणतं बल असतं?’ याला तू ‘हाताचं’ असं लिहिलंस आणि मार्क गेले. टोकाला वेग शून्य असताना त्वरण, म्हणजे दर सेकंदाला वेगात होणारा बदल, 9.8 कसं, हे तुला पटत नाही. आणि स्पेस स्टेशनमध्ये गुरुत्वाकर्षण नसतंच, मग सरांनी फळ्यावर 8.7 कुठून आणलं, असं विचारलं आहेस.

मी 34 वर्षं बडोद्यातच फिजिक्स शिकवलं. आधी गुजराती माध्यमाला, मग इंग्रजीला, आणि घरी शिकवणीला येणाऱ्या दांडिया बाजार-रावपुऱ्याच्या आपल्या पोरांना मराठीत. तिन्ही भाषांत मुलं हीच चूक करतात, म्हणजे घोळ माध्यमाचा नाही. पण त्यावरचा उतारा मला सापडला तो मात्र मराठी व्याकरणात.

सकर्मक आणि अकर्मक क्रियापदं आठवतात? शाळेत झाली नसतील तर आजीला विचार. ‘मी झोपते’ हे अकर्मक. ‘मी दार ढकलते’ हे सकर्मक, कारण ढकलणारी तू आणि ढकललं जातं ते दार. बल कायम सकर्मक असतं. ढकलणारा हवा आणि ढकलला जाणारा हवा, दोघांपैकी एक जरी नसेल तर बल नाही. गती मात्र अकर्मक. ‘चेंडू जातो.’ संपलं वाक्य. कोणी ढकलायला लागत नाही.

तेव्हा इथून पुढे एकच शिस्त पाळ. आकृतीत बाण काढलास की शेजारी पूर्ण वाक्य लिही: अमुक तमुकला ढकलतो, किंवा ओढतो. कर्ता सापडला नाही तर बाण खोड. आणि ज्या वस्तूची आकृती काढते आहेस ती वस्तू त्या वाक्यात कर्म नसेल, तरीही खोड.

आता चेंडू. तू लिहिलंस ‘हाताचं बल’. वाक्य करू: ‘हात चेंडूला वर ढकलतो.’ खरं आहे, पण कधी? सुटेपर्यंत. चेंडू डोक्याच्या वर चार हात गेला तेव्हा तुझा हात कुठे आहे? खांद्याला आहे, चेंडूला शिवतसुद्धा नाही. कर्ता गेला, बाण गेला. उरली दोन वाक्यं: ‘पृथ्वी चेंडूला खाली ओढते’ आणि ‘हवा चेंडूला किंचित अडवते’. हवा सोडून दे, तिचा वाटा इथे फार थोडा आहे. राहिला एकच बाण, तोही खाली.

इथे वर्गात हमखास हात वर व्हायचा. ‘सर, मग चेंडू वर जातोच कसा?’

जाण्यासाठी बल लागत नाही म्हणून जातो. बल लागतं ते जाणं बदलायला. चंद्रयान-3 निघालं 14 जुलै 2023 ला आणि चंद्रावर उतरलं 23 ऑगस्टला. या चाळीस दिवसांत इंजिनं चालली ती अधूनमधून, थोडा थोडा वेळ, कक्षा बदलायला नाहीतर वेग कमी करायला. बाकी सगळा वेळ यान इंजिन बंद ठेवून जात होतं. आपल्याला हे पटत नाही, कारण आपण सायकल चालवत मोठे झालो. पायडल मारणं थांबवलं की सायकल थांबते, म्हणून पायडल म्हणजेच गती असं डोक्यात बसतं. टायर, बेअरिंग आणि हवा मिळून सायकलला सतत अडवत असतात, पण ते कोणाला दिसत नाही. पायडल त्या अडवण्याची भरपाई करत असतं, एवढंच.

तुझी चूक तशी खानदानी आहे, वाईट वाटून घेऊ नकोस. हाताने चेंडूत काहीतरी भरलं आणि ते वाटेत हळूहळू संपत गेलं, असं चौदाव्या शतकात पॅरिसमध्ये बुरिदान नावाचा मोठा विद्वान शिकवत होता. तरुणपणी गॅलिलिओसुद्धा जवळपास असंच मानत होता. मराठी बोलताना आपण ही चूक करत नाही, हे मात्र बघ. आपण ‘जोर लावला’ म्हणतो आणि ‘वेग दिला’ म्हणतो. वेग देता येतो, दिला की तो चेंडूपाशी राहतो. जोर लावावा लागतो, आणि लावणारा बाजूला झाला की संपला.

टोकाचं बघू. समजा चेंडू सेकंदाला 9.8 मीटर वेगाने वर सोडला. अर्ध्या सेकंदाने वेग 4.9. एका सेकंदाने शून्य, तेव्हा तो हातापासून 4.9 मीटर वर असतो, म्हणजे दीड मजला धर. दीड सेकंदाने 4.9 खाली, दोन सेकंदांनी 9.8 खाली, परत हातात. दर अर्ध्या सेकंदाला वेगातून 4.9 वजा होतात, टोकाच्या आधी आणि टोकानंतरही. मधल्या त्या शून्यापाशी वजाबाकी थांबली असती तर काय झालं असतं? वेग शून्य आणि तो बदलतही नाही, म्हणजे चेंडू तिथेच लटकला, त्रिशंकूसारखा. तसा तो लटकत नाही, हाच पुरावा की पृथ्वी त्या क्षणीही तितकीच ओढते आहे. वेग म्हणजे पाकिटात या घडीला किती पैसे आहेत ते, आणि त्वरण म्हणजे दर सेकंदाला किती खर्च होतात ते. पाकीट शून्यावर आलं म्हणून खर्च थांबतो असं नाही, उधारी सुरू होते.

(9.8 हा आकडाही सगळीकडे अगदी सारखा नसतो. विषुववृत्तावर 9.78, ध्रुवावर 9.83, आपल्याकडे 9.79 च्या आसपास. गणितात 9.8 घे, कोणी काही म्हणणार नाही.)

पुढची ठेच म्हणजे टेबलावरचं पुस्तक. पुस्तकाचं वजन खाली, टेबलाचा रेटा वर, दोन्ही सारखे, म्हणून मुलं बिनधास्त लिहितात की ही तिसऱ्या नियमातली (प्रत्येक बलाला तितकंच उलट बल) जोडी. नाही. तिसऱ्या नियमाची जोडी कशी ओळखायची? वाक्यातले कर्ता आणि कर्म अदलाबदल कर. ‘पृथ्वी पुस्तकाला खाली ओढते’, तर जोडीदार ‘पुस्तक पृथ्वीला वर ओढतं’. ‘टेबल पुस्तकाला वर रेटतं’, तर जोडीदार ‘पुस्तक टेबलाला खाली रेटतं’. चार वाक्यं झाली, दोन जोड्या. पहिली आणि तिसरी कधी एका जोडीतली नव्हतीच, ती फक्त एकाच पुस्तकावर होती. खात्री करायची तर पुस्तकावर तळहात दाबून ठेव. टेबलाचा रेटा लगेच वाढतो. पृथ्वीची ओढ तेवढीच राहते. जोडी असती तर दोन्ही बरोबरच वाढले असते.

‘जोड्या कायम सारख्या आणि उलट, मग काही हलतंच कसं?’ हा त्याचाच सख्खा भाऊ. त्याला माझ्याकडे रावपुरा रोडवरचं उत्तर आहे. सीएनजी संपलेली रिक्षा आणि मागून दुसरा रिक्षावाला आपली रिक्षा चालवत, एक पाय बाहेर काढून, तो पुढच्या रिक्षाच्या मागच्या बाजूला टेकवून तिला पंपापर्यंत नेतो, हे तू शंभरदा बघितलं असशील. त्या दोन रिक्षांची आकृती काढून बघ, मी वर्गात एक पूर्ण तास त्यावर घालवायचो.

पुढची रिक्षा घे. ‘पाय पुढच्या रिक्षाला पुढे ढकलतो.’ ‘रस्ता पुढच्या रिक्षाला मागे अडवतो.’ पहिलं दुसऱ्यापेक्षा जास्त असेल तर तिचा वेग वाढेल. झालं. पाय आणि रिक्षाच्या जोडीतलं दुसरं वाक्य, ‘पुढची रिक्षा पायाला मागे ढकलते’, त्याचं कर्म पुढची रिक्षा नाहीच. ते मागच्याच्या हिशेबात जाईल. एकाची उधारी दुसऱ्याच्या जमेत लिहून ‘शून्य, शून्य’ म्हणायचं नसतं.

आता मागची रिक्षा, तिच्यावर बसलेल्या माणसासकट एकच वस्तू धरून. ‘पुढची रिक्षा हिला मागे ढकलते’, म्हणून तर त्या बिचाऱ्याचा गुडघा दुखतो. ‘हवा हिला मागे अडवते.’ मग हिला पुढे कोण नेतं? नव्वद टक्के मुलं म्हणतात ‘इंजिन’. पण इंजिन रिक्षाच्या आतच आहे. आतल्या आत कितीही ढकला, बस पुढे जात नाही, हे बसमध्ये समोरच्या सीटला रेटून कोणीही बघावं. बाहेरचा कर्ता हवा, आणि बाहेर आहे कोण? रस्ता. इंजिन चाक फिरवतं, चाक रस्त्याला मागे ढकलतं, आणि ‘रस्ता चाकाला पुढे ढकलतो’. रिक्षाला पुढे नेतो तो रस्ता. ऐकायला विचित्र वाटतं, पण पावसाळ्यात चिखलात रुतलेली रिक्षा बघ. इंजिन जोरात, चाक गरगर, आणि रिक्षा जागची हलत नाही. इंजिन तेच आहे, फक्त ढकलणारा रस्ता उरलेला नाही. घर्षण म्हणजे नेहमी अडवणारं, असं पाठ केलं असशील तर तेही इथेच सोडून दे.

वळणाबद्दल तू विचारलं नाहीस, पण वर्तुळाकार गतीचा धडा येईल तेव्हा विचारशीलच. काही वर्षांपूर्वी मी स्कूटरवरून पडलो. वळणावर कोणीतरी बांधकामाची वाळू रस्त्यावर पसरून ठेवली होती. गुडघा फुटला, चष्मा गेला. धावत आलेले भाई म्हणाले, ‘अंकल, बाहेर फेंकाई गया.’ गुडघ्यातून रक्त येत होतं तरी मला मास्तरकी आवरली नाही. मी मागे वळून घसरल्याची खूण बघितली. ती वळणाच्या केंद्रापासून सरळ बाहेर जाणारी नव्हती. वाळू लागली त्या क्षणी स्कूटरचं तोंड जिकडे होतं त्याच रेषेत ती खूण गेली होती. मला बाहेर कोणी फेकलं नव्हतं. आत वळवणारा जो होता, तो हरवला होता.

ताशी 36 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 10 मीटर. वळणाची त्रिज्या 20 मीटर धर. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, 100 भागिले 20, म्हणजे केंद्राकडे 5 चं त्वरण हवं. कोरडं डांबर टायरला एवढं बाजूने ढकलू शकतं, वाळू ढकलू शकत नाही. ‘रस्ता टायरला आत ढकलतो’ हे अभिकेंद्री बलाचं वाक्य. ‘अभिकेंद्री बल’ नावाचा कोणी वेगळा इसम नसतो, ते फक्त कामाचं नाव आहे. काम कधी घर्षण करतं, कधी दोरी, कधी गुरुत्वाकर्षण. आकृतीत घर्षणाचा बाण काढून वर अभिकेंद्रीचाही काढलास तर एकाच माणसाला दोनदा पगार दिलास. नवरात्रात मातीच्या मैदानावर अनवाणी गरबा खेळताना, पाऊस पडून गेलेला असेल तर वर्तुळात वळायला पाय किती साशंक होतात, ते तुझ्या पायांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

आणि रिक्षात वळणावर बाहेरच्या बाजूला सरकतेस तेव्हा ‘काहीतरी मला बाहेर ओढतं’ असं वाटतं. कर्ता शोध. नाही सापडत. तू सरळ जात होतीस, सीट तुझ्याखालून वळली. शेवटी बाजूचा दांडा लागतो आणि ‘दांडा मला आत ढकलतो’.

आता गुरुत्वाकर्षण. जड वस्तू आधी पडते का, यावर फार वेळ घालवत नाही. वहीपेक्षा लहान कागदाचा तुकडा वहीवर ठेव आणि वही सपाट सोड. दोन्ही बरोबर पडतात, कारण वहीने कागदाच्या वाटेतली हवा बाजूला केलेली असते. जड वस्तूला पृथ्वी जास्त ओढते हे खरंच, पण ती वेग बदलायलाही तितकीच जास्त हट्टी असते, त्यामुळे फिटंफाट होते. 1971 मध्ये अपोलो 15 च्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडून हेच दाखवलं.

स्पेस स्टेशनकडे जायच्या आधी एखाद्या उंच बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये वजनकाटा घेऊन जा. लोक हसतील, हसू दे. वजन 50 किलो असेल तर लिफ्ट वर निघताना काटा क्षणभर 55 च्या आसपास दाखवेल, खाली निघताना 45 कडे झुकेल. पृथ्वीची ओढ बदलली का? नाही. काटा पृथ्वीची ओढ मोजतच नाही. ‘काटा मला वर रेटतो’ हा रेटा तो मोजतो, आणि आपल्याला अंगात वजन जाणवतं तेही याच रेट्याचं. आता मनात लिफ्टचा दोर तोड. काटाही पडतोय, तूही पडते आहेस, रेटायला कोणी नाही. काटा शून्य. पृथ्वी मात्र पूर्ण जोराने ओढतेच आहे.

याचा स्वस्त प्रयोग करून बघ. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीला तळाजवळ तापलेल्या सुईने भोक पाड, झाकण काढून पाणी भर. धार लागेल. आता स्टुलावर उभी राहून बाटली खालच्या बादलीत सोड, आणि भावाला मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूट करायला सांग. पडताना धार थांबते. पाणी आणि बाटली एकत्र पडतात, मग पाण्याला भोकाकडे दाबणार कोण?

स्पेस स्टेशन म्हणजे ती बाटली. ते जमिनीपासून सुमारे 400 किलोमीटरवर आहे. पृथ्वीच्या केंद्रापासून मोजलं तर 6371 ऐवजी 6771. ओढ अंतराच्या वर्गाने कमी होते, म्हणून 6371 भागिले 6771 करून त्याचा वर्ग कर, साधारण 0.885 येतो, त्याला 9.8 ने गुण. हे तुझं 8.7. गुरुत्वाकर्षण गेलं कुठेच नाही, दहा-बारा टक्के कमी झालं इतकंच. 2025 च्या जूनमध्ये शुभांशु शुक्ला तिथे तरंगताना आपण टीव्हीवर बघितले, ते खरं तर पडत होते, अख्ख्या स्टेशनसकट. मग जमिनीवर का येत नाहीत? स्टेशन एका सेकंदात सुमारे 7.7 किलोमीटर आडवं जातं आणि तेवढ्यात सरळ रेषेपासून साधारण 4.3 मीटर खाली पडतं. त्या 7.7 किलोमीटरच्या अंतरात पृथ्वीच्या गोलाईमुळे खालची जमीनही तेवढीच खाली वळलेली असते. पडूनही उंची कमी होत नाही.

चंद्राचंही हेच. तो पृथ्वीच्या केंद्रापासून पृथ्वीच्या सुमारे 60 त्रिज्या लांब. वर्गाने कमी व्हायचं तर ओढ 3600 पट कमी हवी. इथे वस्तू पहिल्या सेकंदात 4.9 मीटर पडते, म्हणजे चंद्र 1.4 मिलिमीटरहून किंचित कमी पडायला हवा. चंद्राच्या कक्षेवरून वेगळा हिशेब केला तरी तेवढाच येतो. पृथ्वी वस्तूंना आपल्याकडे ओढते हे भास्कराचार्यांनी 1150 मध्ये लिहून ठेवलं आहे, आणि वर्गात कोणीतरी दरवर्षी ते मला अभिमानाने सांगायचं, योग्यच आहे. पण झाडावरून पडणारं फळ आणि वरचा चंद्र एकाच नियमाने पडतात, आणि किती मिलिमीटर पडतात, हे आकड्याने जुळवून दाखवणं हे न्यूटनचं काम, 1687 मधल्या ग्रंथातलं.

शेवटी एक गणित तुझ्या घराच्या गच्चीवरचं. उत्तरायणाला, म्हणजे आपल्या संक्रांतीला, पतंग हवेत स्थिर उभा आहे, फिरकी भावाच्या हातात, दोरी तुझ्या. पतंगाची वाक्यं लिही. ‘पृथ्वी पतंगाला खाली ओढते.’ ‘दोरी पतंगाला खाली आणि माझ्याकडे ओढते.’ ‘वारा पतंगाला वर आणि लांब ढकलतो.’ तीनच. दोन खाली ओढणारे, एकच वर ढकलणारा, आणि पतंग जागेवर, म्हणजे वाऱ्याचा वरचा वाटा त्या दोघांच्या बेरजेइतका. चांगल्या वाऱ्यात दोरी बोटाला कापते, त्या मानाने पतंगाचं वजन काहीच नसतं.

आता कोणीतरी तुझा पतंग कापतो. ‘लपेट!’ ओरडा होतो. आकृतीतून दोरीचा बाण गेला. खाली ओढणारा मोठा बाणच गेला, तर पतंग वर उसळायला हवा की नाही? पण तो गोते खात खाली येतो. माझ्या हुशार मुलांनाही हे पंधरा-पंधरा मिनिटं खायचं. गोम अशी की दोरी फक्त खाली ओढत नव्हती, वाऱ्याविरुद्ध धरूनही ठेवत होती. धरणारा गेला की पतंग वाऱ्याबरोबर निघतो, आणि बघता बघता वाऱ्याच्याच वेगाने जाऊ लागतो. मग त्याच्यासाठी वारा उरतच नाही. शिवाय किन्ना बांधून तू जो तिरका कोन ठरवला होतास तो राखायलाही कोणी नाही, म्हणून तो उलटापालटा होतो. तिसरं वाक्यही असं विरून गेलं, राहिली एकटी पृथ्वी. म्हणून पतंग लुटणारी पोरं कापलेल्या पतंगाच्या खाली उभी राहत नाहीत, वर न बघता वाऱ्याच्या दिशेने चार घरं पुढे पळतात.